औषध विकायला पदवीधर, पीठ विकायला कोण?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या पुरवणीत कृषी शाखेतल्या संधींवर लेख आला होता. पुतणी प्रवेशाच्या तयारीत आहे, म्हणून तिला तो वाचून दाखवला. कृषी अधिकारी, बँकेतली नोकरी, खत-बियाणे कंपन्यांची फिरती, नाहीतर स्वतःचं कृषी सेवा केंद्र. यादीत चूक काहीच नाही. पण ज्या कामासाठी आम्ही माणूस शोधून दमलो, ते काम तिच्यात कुठेच नव्हतं.

मी मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला ज्वारीवाला. उत्तरा-हस्त नक्षत्रांत पेरलेली मालदांडी ज्वारी आमच्याकडे जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर येते. खत जेमतेम, फवारणी क्वचित. ज्याला आज शाश्वत शेती म्हणतात ती आमच्या आजोबांनी दुसरा इलाज नव्हता म्हणून केली. २०१६ मध्ये इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं आणि शहरातून विचारणा वाढली. गिऱ्हाईक नाही, असं रडगाणं आता गाता येत नाही.

अडतं ते मधल्या कामाला. पहिल्या वर्षी आमच्या गटाने हौसेने दोनशे किलो पीठ एकदम दळून पुण्याला पाठवलं. महिनाभराने एका ताईंचा फोन आला, "दादा, भाकरी थापताना चिरतेय. तव्यावर टाकेपर्यंत तुकडे होतात." पीठ विरी गेलं होतं, म्हणजे जुनं होऊन त्याचा चिकटपणा गेला होता. आई शेजारीच होती. म्हणाली, "महिन्याचं पीठ घरी तरी खातो का आपण?" पूर्वी आमच्याकडे पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, ज्वारी वर्षानुवर्षं राहायची, पिठाला मात्र तो दम नाही. म्हणजे दर आठवड्याला थोडं थोडं दळायचं, त्याआधी खडे निवडायचे, दाणा नीट वाळलाय का बघायचं, पिशव्या भरायच्या, कुणी किती मागितलं ते लिहायचं, रात्रीच्या गाडीला पार्सल लावायचं. वर सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्राची फाइल आहेच. सहभागी हमी पद्धतीत शेजाऱ्याने शेजाऱ्याचं रान तपासायचं असतं आणि ते सगळं कागदावर आणायचं असतं. ऐन काढणीत, ज्वारीचं एकेक ताट हाताने उपटायला बायामाणसं मिळत नसताना, हे कागद कोण भरणार? हे पूर्ण वेळेचं आणि शिकलेल्या माणसाचं काम आहे.

आम्हाला असा माणूस मिळालाही होता. केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या योजनेत (२०२०) प्रत्येक कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत मदत असते, व्यवस्थापकाचा पगार त्यातच. आमच्या गटाच्या कंपनीत एक कृषी पदवीधर पोरगा आला. पिठाचं वेळापत्रक त्यानेच बसवलं. कुणाच्या घरी आठवड्याला किती भाकऱ्या होतात, इथवर त्याच्या वहीत होतं. तीन वर्षं संपली, मदत थांबली. पिशवीमागे सुटणाऱ्या दोन पैशांत त्याचा पगार कुठला निघायला? आता तो एका कीटकनाशक कंपनीची बॅग लावून याच रस्त्याने फिरतो. भेटला की ओशाळतो. खरं तर ओशाळायचं आम्ही.

कीटकनाशक विकायचा परवाना हवा तर कृषीची पदवी किंवा तसलं काही शिक्षण लागतं. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे गावात पदवीधर सापडतो तो औषधाच्या काउंटरमागे. नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला २०२४ मध्ये २,४८१ कोटी मंजूर झाले. त्यात कृषी सखी आहेत, शेतात कसं पिकवावं ते त्या शेतकऱ्यांना शिकवतील. उत्तम. पिकल्यानंतरचं कोण बघणार?

कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी 'कृषिदूत' म्हणून दरवर्षी गावोगाव येतात. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जीवामृत हे पातळ खत करून दाखवतात, बॅनर धरून फोटो होतो, तो पेपरातही येतो. पोरं गुणी असतात, थट्टा करायची नाही. पण ती येतात पावसाळ्यात आणि परततात तेव्हा आमची ज्वारी नुकती पोटऱ्याला येत असते. काढणी, मळणी, निवडणं, दळणं, गिऱ्हाईक, हिशेब यातलं काहीच त्यांच्या नजरेला पडत नाही. मागे एकीला विचारलं, पुढे काय? ती म्हणाली, "एमपीएससी, काका." दुसरं तिला कुणी दाखवलंय का?

विद्यापीठाने या कार्यानुभवातले दोन महिने काढणीनंतर, उत्पादक गटांबरोबर ठेवावेत. आणि सरकारने व्यवस्थापकाच्या पगाराची मदत एका झटक्यात न तोडता उतरत्या क्रमाने आणखी तीन वर्षं चालू ठेवावी. मालदांडीचं वाण निवडून काढलं ते मोहोळच्या संशोधन केंद्राने. तिथवर सरकारी पगाराने काम झालं, तर पुढच्या शंभर पावलांना हात आखडता का?

तोवर कुणा विद्यार्थ्याला स्वतःहून यायचं असेल तर फेब्रुवारीअखेर यावं. राहायची सोय आमच्याकडे, भाकरी ताज्या पिठाची.

आपला,
एक ज्वारी उत्पादक
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर