पाकिटावर माप छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, आणि हेडसेट, म्हणजे हँडलखालच्या मानेतल्या वाट्या-छर्रे, घरी बदलायच्या भानगडीत सामान्य माणसानं पडू नये, असं आपल्या एका वाचकानं लिहिलं आहे. मी पडलो. दोनदा पडलो.

मी निवृत्त पोस्टमन. नोकरीभर सायकल दामटली, पण पंक्चरच्या पुढं कधी हात घातला नव्हता. यंदा पावसाळ्यानंतर हँडल वळवताना मधोमध खटकन अडकायला लागलं. दुकानदार म्हणाला, "काका, फोर्कपण वाकलाय. भंगारात घाला." भंगारात घालायला मन होईना, म्हणून नवा फोर्क आणि 'एक इंची' हेडसेटचं पाकीट घेऊन घरी आलो.

हँडलचा मधला बोल्ट दोन-तीन आटे सैल करून त्यावर लाकूड ठेवून ठोकलं, तशी आतली पकड सुटली. वरचा नट आणि त्याखालची आट्यांची वाटी फिरवून काढली, फोर्क खाली ओढला आणि छर्रे फरशीवर सांडले. (आधी जुनी चादर अंथरा. एक छर्रा आठ दिवसांनी चपलांच्या कप्प्यात सापडला.) खालच्या वाटीत ओळीनं बारीक खळगे पडले होते. सायकल बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळं रस्त्याचे दणके त्याच त्याच जागी बसतात. वर चाकानं उडवलेलं चिखलपाणी. पन्नास पैशांचं ग्रीस वेळेवर लावलं असतं तर, असं बायको म्हणाली. खोटं नाही.

वाट्या हातोडीनं ठोकून बसवू नयेत, तिरक्या जातात. लांब आट्यांचा रॉड, दोन जाड वॉशर आणि दोन नट एवढ्यावर सरळ दाबून बसतात. एका वेळी एकच वाटी.

अडलं ते फोर्कच्या दांडीच्या बुडाशी बसणाऱ्या कड्यापाशी, ज्यावर खालचे छर्रे फिरतात. ते जाईना. पीव्हीसी पाइप लावून ठोकत राहिलो, चौथ्या ठोक्याला कडं तडकलं. चूक माझीच वाटली. मग आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमनगरात, लेथ चालवणाऱ्या मित्राकडं गेलो. त्यानं व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावला: फोर्कवरची बैठक 27 मिलिमीटर, पाकिटातलं कडं 26.4 चं. "ह्ये कशाला जातंय, मर्दा?" म्हणाला.

एक इंची हेडसेटमध्ये कड्याची अशी दोन वेगवेगळी मापं येतात, हे मला तेव्हा कळलं. पाकिटावर मात्र नुसतं 'एक इंची'. दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. तडकलेलं कडं परत घ्यायला नकार देताना त्याचा आवाज मात्र चढला. ज्या गावात शेजारच्या गल्लीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माल परत जातो, त्या गावात सायकलचा भाग अंदाजपंचे विकला जातो!

दुसरं पाकीट मित्रानं मोजून दिलं. कडं पाच ठोक्यांत बसलं. छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून लावले, वरची आट्यांची वाटी हातानं घट्ट करून पाव फेरा मागं घेतली आणि तिला पान्यानं धरून नट आवळला. न धरता आवळला तर वाटीही सोबत फिरते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं हलवली, खडखड नाही. पुढचं चाक उचललं, हँडल आपोआप बाजूला पडलं. नात म्हणाली, "आबा, आता टक् वाजत नाही."

तेव्हा घरी करू नका, असं लोकांना सांगण्याऐवजी पाकिटं बनवणाऱ्यांनी कड्याचं आणि वाटीचं माप मिलिमीटरमध्ये पाकिटावर छापावं, आणि दुकानदारांनी साधा व्हर्नियर गल्ल्याजवळ ठेवावा, एवढीच विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, कोल्हापूर
(नाव छापू नये.)