‘मोफत’ ॲपची छुपी वर्गणी

महोदय,

समाजमाध्यमांवरील फोटो सजवणाऱ्या किंवा भविष्य सांगणाऱ्या ॲपच्या जाहिरातींत ‘तीन दिवस मोफत’ हे शब्द ठळक असतात. मुदत संपताच दर आठवड्याला पैसे कापले जातील, ही ओळ मात्र बटणाखाली फिकट, बारीक अक्षरांत दडवलेली असते. आठवड्याचा आकडा किरकोळ वाटतो खरा, पण वर्षाला तो ५२ वेळा भरावा लागतो. ॲप फोनमधून काढून टाकले की वर्गणी थांबते, हा समज तर फारच महागात पडतो. ती गुगल प्ले किंवा ॲपल खात्याच्या ‘सबस्क्रिप्शन्स’ विभागात जाऊनच, ॲपलच्या बाबतीत मुदतीच्या किमान २४ तास आधी, रद्द करावी लागते. जाहिरातीतील दुव्यावरून परस्पर कार्डाने पैसे भरले असतील, तर ती वर्गणी या यादीत दिसतही नाही. मग ती त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून रद्द करावी लागते, आणि ते जमले नाही तर बँकेकडे धाव घ्यावी लागते. नूतनीकरणाची रक्कम ‘मोफत’ या शब्दाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती का नसावी?

— एक वाचक