आखाजीच्या तोंडावर घर विकताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुढीपाडवा ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा खान्देशात घरखरेदीचा हंगाम. शाळांना सुट्या लागतात, नोकरदारांना बदलीचे वेध लागतात, पुण्या-सुरतेला स्थायिक झालेली भावंडे गावी जमतात आणि आई-वडिलांच्या बंद घराचा निर्णय करून टाकतात. नेमका याच दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांना टेकतो. तरीही घर विकायला काढणारे मोठ्या शहरांतल्या सॅम्पल फ्लॅटची नक्कल करतात. पीओपीचे छत, जाड पडदे, हॉलमध्ये गालिचा, प्लास्टिकची फुले. इथला ग्राहक आत पाऊल टाकताच मान वर करून स्लॅब बघतो आणि मग मोरीतला नळ सोडतो. घर किती तापते आणि पाण्याचे काय, हे त्याचे पहिले दोन प्रश्न. पैसा याच दोन गोष्टींवर लावावा, असे जुन्या घरांची डागडुजी आणि व्यवहार रोज पाहणाऱ्या आम्हा काही जणांचे मत आहे.

सुरुवात गच्चीपासून करावी. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता काही तासांनी खाली सोडतो. म्हणूनच संध्याकाळी सातला बाहेर वारा सुटलेला असतो, पण वरच्या मजल्याची खोली भट्टीसारखी लागते. यावर स्वस्त उपाय पांढऱ्या चुन्याचा. 10 किलो विरवलेला चुना रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी कापडातून गाळावा, अर्धा किलो फेव्हिकॉल पाण्यात फेटून त्यात मिसळावा आणि दाट दुधासारखा होईपर्यंत पाणी घालावे. कळीचा, म्हणजे न विरवलेला चुना आणला असेल तर तो लोखंडी पिंपातच विरवावा, मुलांना लांब ठेवून. विरताना तो खदखदतो, प्लास्टिकची बादली मऊ पडते, आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. गच्ची झाडून, धुऊन घ्यावी. ऊन उतरल्यावर ती पुन्हा ओली करावी आणि ओल असतानाच कुंच्याने पहिला हात द्यावा, दुसरा हात दुसऱ्या संध्याकाळी. बहुतेक जण इथेच चुकतात. भर दुपारी, तापलेल्या कोरड्या स्लॅबवर चुना मारला की त्यातले पाणी क्षणात उडते, चुना धरत नाही आणि आठ दिवसांत तळपायाला पांढरी भुकटी लागते. नीट मारलेला चुनाही पावसाळ्यात बराच धुऊन जातो, हे घेणाऱ्याला सांगून टाकावे.

बाहेरच्या भिंती रंगवतानाही सावलीच्या मागे जावे. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची संध्याकाळी. तापल्या भिंतीवर रंग पकड घेण्याआधीच सुकतो, ब्रशचे पट्टे दिसतात आणि पुढे पोपडे निघतात. पश्चिमेला कडुनिंब असेल तर घर रस्त्यावरून दिसावे म्हणून तो तोडू नये. घेणाऱ्याच्या दृष्टीने ती सावली म्हणजे घराचाच भाग आहे.

गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतले पाणी दुपारी हात पोळण्याइतके तापते. हिरवी शेडनेट टाकीला गुंडाळून उपयोग नाही. चार बांबू उभे करून टाकीच्या वर हातभर अंतर ठेवून ती ताणावी, म्हणजे मधून वारा खेळतो. गच्चीवर उघडे पडलेले पीव्हीसी पाइप उन्हाने ठिसूळ होतात, त्यांना गोणपाट गुंडाळावे. नळावर बोअरच्या क्षाराचा पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके अर्धा तास बांधून ठेवावे आणि मग जुन्या टूथब्रशने घासावे. संडास धुण्याचे ॲसिड वापरल्यास नळाची चकाकी जाते आणि टाइलच्या फटीतले सिमेंटही खाल्ले जाते.

आता बंद घराविषयी, कारण सर्वात जास्त सौदे इथे बिघडतात. दार उघडताच गटाराचा वास येतो, मालक रूम फ्रेशनर मारतो आणि ग्राहकाला ड्रेनेज फुटल्याची शंका येते. बहुतेक वेळा काहीच फुटलेले नसते. मोरीच्या जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहते. ड्रेनेजचा वास आणि झुरळे त्या पाण्यामुळेच अडतात. उन्हाळ्यात घर बंद राहिले की काही आठवड्यांत हे पाणी आटते आणि वाट मोकळी होते. ग्राहक येण्याच्या दोन दिवस आधी प्रत्येक जाळीत दोन-दोन लिटर पाणी ओतावे, कमोडचा फ्लश ओढावा, बेसिनचा नळ सोडावा. बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी काढलेली जाळी हमखास विसरली जाते. वरून चमचाभर खाद्यतेल सोडले की त्याचा पातळ थर पाण्यावर पसरतो आणि पाणी बरेच दिवस टिकते. पाणी ओतूनही दोन दिवसांत वास परत आला, तरच प्लंबर बोलवावा.

कुलर हा खान्देशी घराचा चेहराच. जुन्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या कुबट वास सोडतात, त्या सरळ बदलाव्यात. हनीकोंबचे पॅड क्षाराने बुजले असतील तर लिंबूसत घातलेल्या पाण्यात तासभर ठेवून धुवावेत. टाकीतले पाणी नुसते वाढवत राहू नये, दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढावे. पाणी उडते, क्षार मागे राहतात आणि ते पंपात बसतात. कुलर चालू असताना समोरची खिडकी चार बोटे उघडी हवी. हवा बाहेर जायला वाट नसली तर खोली थंड होण्याऐवजी दमट होते आणि पाहायला आलेला माणूस घामाघूम होऊन निघतो. छताचा पंखा मंद फिरत असेल तर नवा घेण्याआधी कंडेन्सर बदलून पाहावा. 2.5 मायक्रोफॅरडचा हा छोटा भाग इलेक्ट्रिशियन काही मिनिटांत बसवतो.

खिडक्या पहाटे पाचला उघडून आठला बंद कराव्यात, पश्चिमेला फिक्या सुती पडद्याची दुहेरी घडी सोडावी. घर दाखवायला सकाळी सात ते साडेनऊ ही उत्तम वेळ. धूळ त्याच सकाळी ओल्या फडक्याने पुसावी, आदल्या रात्री पुसलेली सकाळपर्यंत पुन्हा बसते. मात्र कुणी मुद्दाम दुपारी दोनला यायचे म्हणाला तर नाही म्हणू नये. तो खरा गिऱ्हाईक असतो.

एका बाबतीत आम्ही आग्रहाने लिहितो. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. विक्रीआधी त्यावर पुट्टी फासून रंग मारण्याची पद्धत पडली आहे. भर उन्हाळ्यात भरलेली भेग एका पावसातच पुन्हा दिसू लागते, आणि तोवर घेणाऱ्याची आयुष्याची पुंजी अडकलेली असते. केसासारखी भेग असेल तर ती इंग्रजी व्हीच्या आकारात खोदून ॲक्रिलिक क्रॅकफिलरने भरावी. भेगेवरून आडवे बोट फिरवल्यावर दोन्ही बाजूंच्या पातळीत फरक लागत असेल, किंवा भेग भिंतीच्या आरपार असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवावे आणि त्याचे म्हणणे लेखी घेऊन ग्राहकापुढे ठेवावे. लोणा (ओलीमुळे भिंतीवर फुटणारा खार) लागलेल्या भिंतीचेही तेच. त्यावर ऑइलपेंट मारल्याने ओल आत कोंडते आणि पोपड्यासकट प्लास्टरही सुटते.

कागद एका फायलीत तयार ठेवावेत: खरेदीखत, सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक, गावात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या कर-आकारणीचा उतारा), बांधकाम परवानगी, घरपट्टी व पाणीपट्टीच्या चालू पावत्या, कर्ज फिटले असल्यास बँकेचा दाखला. वारसांपैकी एखाद्याची सही बाकी असेल तर रंगरंगोटीच्या आधी ती मिळवावी.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. घरविक्रीच्या छोट्या जाहिरातींत चौरस फुटांसोबत तीन गोष्टी छापण्याची सोय करावी: नळाला पाणी किती दिवसांआड येते, बोअर मे महिन्यात चालते का, आणि बेडरूमची बाहेरची भिंत कोणत्या दिशेला आहे. दोन ओळी जागा वाढेल, पण धुळे-नंदुरबारहून भर उन्हात घर पाहायला येणाऱ्या माणसाची फेरी वाचेल.

– घरदुरुस्ती व घरविक्रीच्या व्यवसायातील काही जण, जळगाव