शाळा बंद करून नेमके किती पैसे वाचतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत मिसळायचा विषय निघाला की दर वेळी एकच आकडा पुढे केला जातो, तो म्हणजे दर विद्यार्थी खर्च. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या कोल्हापूर जिल्ह्यातल्या डोंगरी तालुक्यांतल्या वाड्या आणि धनगरवाडे यांच्या शाळांचे भवितव्य या एका भागाकारावर ठरणार असेल, तर तो भागाकार तपासायलाच हवा. त्यात सरासरी खर्च आणि शाळा बंद केल्यावर खरोखर टळणारा खर्च यांची गल्लत होते.

उदाहरणादाखल पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा घ्या, पट (नोंदलेली मुले) १२. शिक्षकाचा पगार महिना ६० हजार धरला, तर दोघांचे वर्षाचे १४ लाख ४० हजार. वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सादिल (शाळेचा किरकोळ खर्च) यांचे ६० हजार धरा. एकूण १५ लाख, म्हणजे मुलामागे सव्वा लाख. हे ऐकून कुणीही म्हणेल, बंद करा. पण शाळेला कुलूप लागले म्हणून शिक्षकांचा पगार थांबत नाही. ते अतिरिक्त ठरतात, दुसऱ्या शाळेत समायोजन होते, पगार त्याच तिजोरीतून चालू राहतो. वाचतात ते ६० हजार. उलट १२ मुलांचा वाहतूक भत्ता नव्याने उभा राहतो. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत त्याची मर्यादा मुलामागे वर्षाला ६ हजार, म्हणजे ७२ हजार. बारा हजार सरकारच्याच अंगावर आले.

समायोजनामुळे एखादी नवी भरती टळली, तर ती बचत खरी आणि ती मोजलीच पाहिजे. पण जे पद वर्षानुवर्षे रिकामे आहे, त्यावर आज दमडीही खर्च होत नाही. तिथे शिक्षक गेला तर त्या शाळेतल्या मुलांचा फायदा होतो, तिजोरीचा नाही.

आता पालकांची बाजू. डोंगराळ रस्त्यावर वडाप (खासगी प्रवासी) जीप महिना २० हजारांनी ठरली, तर १० महिन्यांचे २ लाख. भत्ता वजा जाता १ लाख २८ हजार उरतात, म्हणजे घरटी एक मूल धरले तरी प्रत्येकी साडेदहा हजारांहून जास्त. गाडी परवडली नाही की आई पोहोचवायला जाते. जुलैत, रोप लावणीच्या दिवसांत, सकाळी सोडणे आणि संध्याकाळी आणणे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. हा खर्च कोणत्याच प्रस्तावात येत नाही, कारण तो सरकारच्या खात्यावर पडत नाही.

अंतर मोजण्यातही मोठी चूक होते. नकाशावर सरळ रेषेत ९०० मीटर दिसणारी शाळा ओढ्याला वळसा घालून अडीच किलोमीटर भरते, आणि ओढ्याला पाणी आले की तो वळसाही बंद. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी; हे अंतर पावसाळ्यात पायी चालून मोजले पाहिजे.

अंतराचा परिणाम संशोधनात पुष्कळदा मोजला गेला आहे. अफगाणिस्तानातल्या डोंगराळ घोर प्रांतात दाना बर्डे आणि ली लिंडन यांनी गावातच शाळा देऊन अभ्यास केला (२०१३). शाळा मैलभर लांब गेली की दर १०० मुलांमागे सुमारे १६ मुले शाळेबाहेर राहतात आणि मुलींची शाळेतली नोंदणी मुलग्यांपेक्षा जास्त घटते, असे त्यात दिसले. बिहारमध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्यावर माध्यमिक शाळेतल्या त्यांच्या प्रवेशात ३२ टक्के वाढ झाली, हे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी २०१७ मध्ये दाखवले. शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे हा फरक सर्वाधिक पडला.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पहिली ते चौथी वाडीतच राहिली पाहिजे. सहा-सात वर्षांचे पोर घाटरस्त्याने जीपमधून पाठवायचे नसते. सहावी ते आठवीचे वेगळे आहे. तिथे विज्ञान-गणित, भाषा, सामाजिक शास्त्र यांना वेगवेगळे शिक्षक लागतात आणि सात-आठ मुलांच्या वर्गासाठी ते मिळणार नाहीत. हे वर्ग केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत) जरूर न्यावेत, पण गाडी आधी आणि शाळा बंद नंतर, याच क्रमाने. कमी पटाच्या शाळेत एकाच खोलीत चार इयत्ता बसतात, शिकवणे ओढाताणीचे होते, हेही खरे. त्यावर इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवणे हा स्वस्त आणि पारखलेला उपाय आहे.

पटाचा आकडाही जपून वापरावा. गेल्या काही वर्षांत संचमान्यतेसाठी (पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्यासाठी) आधार क्रमांक वैध असलेलीच मुले धरली जातात. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने दोन मुले वगळली गेली, तर १२ चा पट कागदावर १० होतो.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. त्याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेने एवढे तरी करावे: प्रत्येक प्रस्तावित शाळेचा एका पानाचा तक्ता शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा. त्यात टळणारा खर्च, नवा वाहतूक खर्च, पालकांवर पडणारा बोजा, जुलैत चालून मोजलेले अंतर आणि गाडीची वेळ असावी. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांना महिनाभर मुदत द्यावी आणि त्यांचा लेखी अभिप्राय जोडल्याशिवाय प्रस्ताव वर पाठवू नये.

आपला,
शिक्षणाच्या अर्थशास्त्राचा एक अभ्यासक, कोल्हापूर