थांबायला जागा द्या : रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. रस्ते वाहतूक मंत्री,
सविनय नमस्कार.

दवाखान्यांतली एक्स-रे आणि सोनोग्राफी मशीन दुरुस्त करणं हे माझं काम. मशीन बंद पडलं की फोन येतो आणि हत्यारांची पेटी डिकीत टाकून मी निघते. सगळ्यात लांबचा पल्ला असतो तो डोंगरापलीकडच्या लहान दवाखान्यांचा, म्हणून माझ्या वाट्याला देखणे रस्ते येतात. नदीच्या कडेकडेने जाणारे, जंगलातून घाट चढणारे, पठारावर पोचताच दूरवरची शेतं एकदम समोर आणणारे. या नोकरीत मला सर्वांत प्रिय तेच आहे. पण या रस्त्यांवर थांबता येत नाही, आणि त्यासाठीच हे पत्र.

थांबावंसं वाटतं ते दर वेळी देखाव्यासाठी नव्हे. पहाटे आणि पुन्हा दुपारी दोन ते चारच्या सुमारास माणसाची जाग आपोआप मंदावते. शरीराचं घड्याळच तसं आहे. जेवण झालेलं असो वा नसो. त्यात रस्ता मोकळा, इंजिनाचा आवाज एकसुरी. डोळे उघडे असतानाही मेंदू क्षणभर झोपू शकतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर पुढे जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर १०० मीटर ती गाडी कुणीच चालवत नसतं. काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून ही झोप हटत नाही, फार तर थोडी पुढे ढकलली जाते. गाडी बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटणं, हाच त्यावरचा भरवशाचा तात्पुरता उपाय.

पण गाडी बाजूला घ्यायची कुठे? एका हाताला दरीचा कठडा, दुसऱ्या हाताला गटार, त्यापलीकडे दरडीचा डोंगर. पांढऱ्या पट्टीबाहेर चाक मावेल एवढीही जागा नसते. वळणावर उभं राहावं तर मागून येणाऱ्याला आपण दिसत नाही. एखादा ‘व्ह्यू पॉइंट’ लागतो, तिथे चार मोटारी मावतात. ट्रकला वळायलाही जागा नसते. रात्रभर गाडी चालवून आलेल्या ज्या ड्रायव्हरला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्याला तो तिथे मिळत नाही. आणि स्वच्छतागृह? लांबच्या प्रवासाआधी माझ्यासारख्या कितीतरी बायका पाणी पिणंच टाळतात. तहानलेल्या शरीराने घाट उतरणं किती धोक्याचं, हे मी आपल्याला वेगळं सांगायला नको.

विश्रांतीचे नियम जगाला नवे नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७९ सालच्या १५३ क्रमांकाच्या करारात, सलग चार तास गाडी चालवल्यावर ड्रायव्हरला विश्रांती, दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास ड्रायव्हिंग आणि रोज सलग किमान दहा तास आराम अशी तरतूद आहे. युरोपीय संघात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांचा खंड सक्तीचा आहे. मात्र ४५ मिनिटं उभं राहायला जागाच नसेल तर असा नियम पाळायचा तरी कसा?

जपानने १९९३ पासून द्रुतगती महामार्गांखेरीजच्या साध्या रस्त्यांवर ‘मिचि-नो-एकी’ नावाचे थांबे उभारले. आज ते १२०० हून अधिक आहेत. पार्किंग आणि स्वच्छतागृह चोवीस तास खुलं, शिवाय पुढच्या रस्त्याची माहिती. नॉर्वेने तर १८ निसर्गरम्य रस्ते निवडून त्यांवरचे थांबे वास्तुविशारदांकडून करून घेतले. ऊरेडप्लासेनला समुद्राकाठी काच आणि काँक्रीटचं स्वच्छतागृह आहे, ते पाहायला लोक मुद्दाम थांबतात. हे काम तिथल्या सरकारी रस्ते विभागाने केलं आहे. एवढ्या देखणेपणाची मागणी मी करत नाही. सपाट जागा, दिवे, पाणी, बायकांना निर्धास्तपणे जाता येईल असं स्वच्छतागृह आणि ट्रकला पुरेल अशी लांबी, एवढं हवं. पुढचा थांबा किती किलोमीटरवर आहे याची पाटीही हवी; ती दिसली की माणूस जागेपणी ठरवू शकतो, इथे थांबायचं की तिथे.

मालकांबाबतही एक विनंती. कामासाठी गाडी चालवण्यात गेलेला वेळ कामाचे तास म्हणूनच मोजला जावा. आठ तास मशीनवर काम करून रात्री पाच तास गाडी हाकणाऱ्या माणसाचा दिवस तेरा तासांचा असतो, पण हजेरीपटावर आठच लागतात. त्याला ‘उद्या सकाळी निघ’ असं सांगायला कुणी बांधील नसतं.

थांबे नेमके कुठे हवेत, हे ठरवताना त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांना विचारा: ट्रक ड्रायव्हर, टपाल आणि औषधं पोचवणारे, रुग्णवाहिकेचे चालक. झोप कुठे अनावर होते आणि धुकं कुठे दाटतं, हे ते नकाशावर बोट ठेवून सांगतील.

घाटरस्त्याच्या रुंदीकरणाचा पुढचा आराखडा आपल्या सहीला येईल, तेव्हा त्यात थांबे दाखवले आहेत का, एवढं आधी पाहावं. नसतील तर तो परत पाठवावा.

आपली नम्र,
कामासाठी सतत रस्त्यावर असणारी एक तंत्रज्ञ