चंद्रतालचा बेत

नाशिक,
12 जून

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझी रजा मंजूर झाली हे वाचून इतका खूश झालो, की हिने विचारलं, लॉटरी लागली का! म्हणजे सप्टेंबरात हिमाचलातलं चंद्रताल तळं पक्कं. फक्त ते ‘मनालीहून सकाळी निघू, संध्याकाळी तळ्यावर’ डोक्यातून काढून टाक.

मनाली दोन हजार मीटरवर, चंद्रताल 4,250 च्या आसपास. आपली कळसूबाई 1,646, हे लक्षात घे. 2020 साली अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगची खिंड चढावी लागत नाही, त्यामुळे लोक एका दमात वर पोचतात आणि विरळ हवेमुळे रात्रभर डोकं धरून तंबूत बसतात. आपण पन्नाशी ओलांडलेले, त्यात तुझी बीपीची गोळी. म्हणून शिमल्याकडून जाऊ. कल्पा, नाको, ताबो, काझा असं हळूहळू चढत गेलं की अंगाला सवय होते. वेळ जास्त लागेल, पैसेही, पण यात मी ऐकणार नाही. तरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नकोस. ताबोचा मठ 996 सालचा आहे. मातीच्या भिंतींच्या आत रंगवलेली चित्रं अजून शाबूत आहेत. तिथे घाई करायची नाही, आधीच सांगून ठेवतो.

काझाला टाकी पूर्ण भरायची, कारण पुढचा पंप थेट लाहौल खोऱ्यात, तांदीला. मग लोसर, कुंझुम खिंड आणि तिथल्या देवीला प्रदक्षिणा घालून खाली तळ्याकडे. काठावर तंबू ठोकायला बंदी आहे (फार बरं केलं). मुक्काम अलीकडच्या कॅम्पमध्ये. गाडीही आधीच थांबते, शेवटचा टप्पा पायी.

हिमनदी धबाधबा तळ्यात उतरताना दिसेल अशी कल्पना मात्र करू नकोस. चंद्रतालचं पाणी नितळ, उन्हाप्रमाणे निळं-हिरवं होणारं. शेजारून वाहणारी चंद्रा नदी राखाडी, गढूळ. तिच्यात ‘समुद्र टापू’ नावाच्या हिमनदीसारख्या मोठ्या हिमनद्यांचं पाणी येतं. हिमनदी सरकताना खालचा खडक दळत येते आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं. हे दोन रंग एकाच दिवशी बघायचे, माझा अर्धा जीव त्यातच अडकलाय.

परतीची वाट बातल, छतडूवरून. खरी परीक्षा इथे. रस्ता म्हणजे नुसते गोटे, आणि मधे आडवे येणारे नाले. सकाळी वरचं बर्फ गोठलेलं असतं, तेव्हा पाणी घोट्याएवढं. दुपारी ऊन तापलं की तेच नाले गाडी अडवतात. काझाच्या ज्या ड्रायव्हरशी फोनवर बोलतोय, तो म्हणाला, “साब, दस बजे से पहले निकल जाएँगे, फिर चाय जितनी मर्ज़ी पीना.” नाल्याशी आला की तो उतरतो, पाण्यात दगड टाकून खोली बघतो, मग पहिल्या गिअरमध्ये न थांबता पार. मला माणूस पटला.

पुढे जमलं तर केलाँगवरून ‘बारालाचा’ नावाच्या खिंडीजवळचं सूरजताल तळं, 4,883 मीटर. तिथून भागा नदी निघते. तांदीला ती चंद्रेला मिळते आणि चंद्रभागा होते. आईला सांगितलं तर म्हणाली, “पंढरपूर सोडून कुठे निघालात चंद्रभागेला?” पण तुझं डोकं दुखत असेल तर सूरजताल रद्द, कुरकुर नाही.

हवेचा भरवसा नाहीच. 2023 च्या जुलैत अवेळी बर्फ पडून जवळजवळ तीनशे लोक चंद्रतालला अडकले होते. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवतोय. ते तुझ्या रजेत बसतात का, लगेच कळव. रेल्वेचं आरक्षण दोन महिने आधी उघडतं, म्हणजे हातात महिनाच आहे. आणि वहिनींना सांग, लसणाची चटणी जरा जास्त करा. मागच्या वेळी ती तू एकट्यानेच संपवली होतीस.

तुझा,
दिल्या