१५ जानेवारी : शाळेचे खेळाडू आणि प्रशिक्षक यांचा सत्कार

माजी विद्यार्थी संघाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव यांचा जन्मदिन, १५ जानेवारी, आपल्याकडे राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी सकाळी ९ वाजता शाळेच्या मैदानावर आपल्या मुलामुलींचा आणि त्यांना घडवणाऱ्यांचा सत्कार आहे. खाशाबाही कराडच्या टिळक हायस्कूलमधूनच पुढे गेले होते, तेव्हा या वयातल्या कौतुकाचं मोल मोठं आहे.

नावं ३१ डिसेंबरपर्यंत शाळेच्या कार्यालयात द्यावीत.

• १४ व १७ वर्षांखालील गटात जिल्हा पातळीवर किंवा त्यापुढे खेळलेले विद्यार्थी. प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडावी.
• खो-खो, कबड्डीसारख्या खेळांत राखीव खेळाडूंसह संपूर्ण संघ.
• क्रीडाशिक्षकांबरोबरच तालमीतले वस्ताद आणि मंडळांचे प्रशिक्षक. पहाटे मैदान आखणारी, मुलांना सायकलवरून सामन्याला नेणारी ही माणसं स्वतःहून कधी नाव देणार नाहीत. ती तुम्हीच सुचवा, ही कळकळीची विनंती.

हार-शाली आणू नयेत. तो खर्च बूट आणि कुस्तीच्या मॅटसाठी खजिनदारांकडे जमा करावा, पावती मिळेल. खेळाडूंनी खेळाच्या पोशाखातच यावं.